काटा हलत नाही

सोमवार, ४ मार्च

आज परत तेच. एकशे नऊ. मागच्या सोमवारी एकशे नऊ, त्याच्या आधीच्या सोमवारीही तिथेच घुटमळत होतं. बाथरूमची फरशी उंचसखल असेल म्हणून वजनकाटा उचलून दाराजवळ नेला, मग पॅसेजमध्ये. पॅसेजमध्ये एकशे दहा दाखवलं. मुकाट्याने परत बाथरूममध्ये आणून ठेवला.

जानेवारीत ऑपरेशनला गेले तेव्हा एकशे अठरा होते. पोटाचा बराचसा भाग कापून काढला, उरलं ते केळ्याएवढं. त्यात चार घास मावतात. चार घास खाऊन माणूस एकशे नऊवर बसून राहत असेल, तर हे वजन येतं तरी कुठून? हवेतून?

आहारतज्ज्ञ बाईंनी काय खाल्लं, किती प्यायलं ते लिहून ठेवायला सांगितलंय. ते मी फोनमध्ये लिहिते, त्यांना दाखवायला. त्यांना दाखवता येण्यासारखं नाही ते इथे.

नवरा दारातून म्हणाला, "रोज का चढतेस त्यावर? आम्ही लिफ्टसुद्धा रोज तपासत नाही." तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे त्याच्या सगळ्या उपमा वर-खाली जाणाऱ्या. मी म्हटलं, "तुझी लिफ्ट अडकली की तू बसून राहतोस का?" तो हत्यारांची पिशवी उचलून कामावर गेला. हल्ली तो माझ्याबरोबर जेवतही नाही. स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्याउभ्या जेवतो, पाठ माझ्याकडे. एवढं सगळं करून बायको तशीच दिसते, तर बघायचं तरी काय.

मंगळवार, ५ मार्च

हॉस्पिटलात गटाची बैठक. ऑपरेशन झालेले सगळे गोल बसतात, प्रत्येकाने आपला आकडा सांगायचा, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. माझ्या नऊ किलोंना टाळ्या पडल्या त्या शाळेत उत्तेजनार्थ बक्षिसाला पडतात तशा.

मग खिडकीवाली. आमचं दोघींचं ऑपरेशन एकाच सकाळी झालं. तिची खाट खिडकीशी, माझी दाराशी, म्हणून मी तिला खिडकीवाली म्हणते आणि ती मला दारवाली. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. कुठल्या चेहऱ्याला कुठली फ्रेम, हे गिऱ्हाईक आत शिरताच ओळखते. ती एकशे एकवीस होती. आज शहाण्णव म्हणाली. लोक खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत होते. तिचा ड्रेस मागून पिनांनी आवळलेला, आणि त्या पिना ती मुद्दाम सगळ्यांना दाखवत होती.

बाहेर आल्यावर म्हणाली, "दारवाले, मला गाडी शिकव. आता सीटमध्ये मावते मी."

हो म्हणाले. गाडी शिकवणं माझं कामच, नाही कशाला म्हणायचं? जिना उतरताना तिने कठडा घट्ट धरला होता. चप्पल नवीन आहे म्हणाली.

वाईट वाटतंय ते लिहूनच टाकते. तिचा आकडा ऐकला तेव्हा माझ्या पोटात कळ आली, आणि ती टाक्यांची नव्हती.

सोमवार, ११ मार्च

एकशे नऊ.

ड्रायव्हिंग स्कूलचे मालक आज माझ्या गाडीत डोकावून गेले. शिकवणाऱ्याच्या सीटखाली वेगळा क्लच, वेगळा ब्रेक असतो. गेल्या वर्षी पोटामुळे मी सीट मागे घेत गेले आणि मग माझा पाय त्या ब्रेकपर्यंत जेमतेम पोचायला लागला. मालकांच्या लक्षात आलं. ओरडले नाहीत, उलट फार गोड बोलले. "बाई, तुम्ही आमच्या सगळ्यात चांगल्या शिक्षिका. पण उन्हाळ्यापर्यंत बघू. नाहीतर ऑफिसात फोन घ्यायला माणूस लागतोच." ऑपरेशनला मी तयार झाले ती साखरेमुळे, गुडघ्यांमुळे आणि खरं म्हणजे ह्या वाक्यामुळे. अठरा वर्षं रस्त्यावर काढून मी खोलीत बसून फोन घेणार?

आता सीट दोन खाचा पुढे आलीय. मालक म्हणाले, "अरे वा." मी म्हटलं, स्प्रिंग सैल झाली असेल.

गुरुवार, १४ मार्च

खिडकीवालीचा पहिला धडा. मैदानामागच्या रिकाम्या रस्त्यावर घेतला. छान शिकते. पहिल्याच दिवशी गाडी बंद न पाडता दुसऱ्या गिअरपर्यंत गेली, आणि गाडी सरकली तशी लहान मुलीसारखी हसली. म्हणाली, "आजवर मी नेहमी मागे बसले. दोन माणसांची जागा अडवून." हे ऐकून मला तिच्याबद्दल माया वाटली, म्हणजे मी अगदीच वाईट नाही.

नंतर कोपऱ्यावरच्या कॅफेत सूप घेतलं. तिने तीन चमचे घेतले आणि उठून गेली. परत आली तेव्हा डोळ्यांत पाणी, ओठ पांढरे.

"काय झालं?"

"काही नाही गं. राहतच नाही पोटात. कधीकधी पाणीसुद्धा नाही. म्हणून तर उतरतंय."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"वेडी का तू? सांगितलं तर सुया लावून सगळं परत चढवतील. तूही सांगू नकोस. शब्द दे."

दिला. एवढ्यातेवढ्यासाठी शब्द काय मागायचा? विटॅमिनच्या गोळ्यांनीही मळमळतं म्हणून त्या तिने सोडून दिल्यात.

माझ्या पोटात सगळं राहतं. सूप राहतं, अंडं राहतं, गोळ्या राहतात. उलटी म्हणून एकदा नाही. माझं नशीबच तसं.

मंगळवार, १९ मार्च

आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी माझे रिपोर्ट पसरून ठेवले आणि खूश होऊन बघत बसल्या. साखरेची गोळी अर्धी केली, रक्तदाबाची बंदच. मी म्हटलं, "पण वजन?" त्या म्हणाल्या, "उतरेल. काही शरीरं सावकाश सोडतात. तुमच्याबरोबर ऑपरेशन झालेल्यांशी तुलना करू नका." म्हणजे ह्यांनाही ठाऊक आहे मी कुणाकडे बघते ते.

दवाखान्यातली माणसं समजूत घालायला लागली की समजावं, हातातून गेलं.

गटाला खिडकीवाली आली नाही. दुकानात गर्दी आहे म्हणे.

मंगळवार, २६ मार्च

कालपासून ठरवलंय, तिच्याएवढंच खायचं. काल दिवसभरात एक अंडं. आज अंडंही नाही, नुसतं पातळ सूप.

दुपारच्या धड्याला निवृत्त हेडमास्तर होते. फार सावध माणूस, सिग्नल हिरवा झाला तरी आधी माझ्याकडे बघतात. चौकात ते म्हणाले, "मॅडम, डावीकडे म्हणालात की उजवीकडे?" मला आठवेना मी काय म्हणाले. डोळ्यांपुढे काजवे. "सरळ घ्या," म्हटलं. सरळ रस्ता नव्हताच. हेडमास्तरांनी गाडी बाजूला घेतली, हातब्रेक लावला आणि मला पाणी दिलं. शिकवलंय तसं अगदी, आधी आरसा बघून.

घरी आल्यावर नवऱ्याने फ्रिज उघडला, अंड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बंद केला. विचारलं काहीच नाही. त्याला फरक पडत नाही.

मंगळवार, २ एप्रिल

एकशे आठ. तिचं एकोणनव्वद.

आज खिडकीवालीवर मी चिडले. तीन आठवड्यांपूर्वी मस्त चालवणारी बाई, आज क्लचवरून पाय घसरतोय, गाडी गचके खातेय. प्रत्येक गिअरला ती मान खाली घालून पायाकडे बघते.

"पायाकडे बघायचं नाही. रस्त्याकडे."

"बघितल्याशिवाय कळत नाही गं पाय कुठे आहे ते."

"असं कसं कळत नाही? तुझाच पाय ना?"

"झोपल्यासारखे झालेत. दोन्ही. गादीवर पाय ठेवल्यासारखं लागतं."

मी तिला पातळ तळव्याचे बूट आणायला सांगितलं. जाड तळव्यांनी नवशिक्यांची हीच तक्रार असते.

चेहरा मात्र काय सुंदर झालाय. गालाची हाडं वर आली आहेत. मी आरशात माझी हाडं शोधत होते.

शनिवार, ६ एप्रिल

खिडकीवालीचा फोन. तिला एकाची दोन दिसतात. नंबर वाढला असणार म्हणून दुकानातच डोळे तपासून घेतले, तर तपासणारा म्हणतो नंबर आहे तोच. "मशिन बिघडलंय त्याचं," ती म्हणाली. मग पिनांचा किस्सा सांगितला, दुकानात एका गिऱ्हाइकापुढे तिच्या ड्रेसची पिन कशी सुटली तो. हसलो. थोड्या वेळाने तिने तोच किस्सा पुन्हा पहिल्यापासून सांगितला. मी पुन्हा हसले. आनंदात माणसाला भान राहत नाही. माझं पंचवीस-तीस किलो उतरलं असतं तर मीही चार-चारदा सांगितलं असतं.

मंगळवार, ९ एप्रिल

एकशे सात. पंधरा मिनिटं बरं वाटलं.

गोळ्यांची बाटली आजपासून कपाटात वरच्या फळीवर ठेवली. त्या घेतल्या की भूक लागते असा मला संशय आहे. बघू.

शनिवार, १३ एप्रिल

अक्षर नीट येत नाही. पण आजच लिहायला हवं.

सकाळी अकराचा धडा. खिडकीवाली आली तेव्हा भिंतीला हात लावत लावत आली. तिची मोठी बहीण सोडायला आली होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हिला आज नको म्हटलं, पण ऐकेल तर शपथ." मला वाटलं, बहिणींची नेहमीची कुरबुर. बसवलं गाडीत. का बसवलं?

बाजारामागच्या रस्त्याला आम्ही अगदी हळू होतो. पुढे झेब्रा क्रॉसिंग, त्यावर एक म्हातारे गृहस्थ चाकांची पिशवी ओढत चाललेले. मी म्हटलं, "ब्रेक." गाडी तशीच चाललेली. "समोर माणूस आहे, ब्रेक." ती शांतपणे म्हणाली, "दोघांतला कुठला?"

माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर गेला. पूर्ण गेला, टाच टेकवून. गाडी थांबली तेव्हा गृहस्थांची पिशवी बंपरला लागून उभी होती. त्यांनी बॉनेटवर एक थाप मारली, आमच्याकडे रागाने बघितलं आणि गेले. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

खिडकीवाली हसत होती. मग हसू थांबलं आणि तिने मला विचारलं, "आपण कुठे चाललोय?"

मी म्हटलं, "धडा चाललाय ना आपला."

"कसला?"

धक्क्याने असेल म्हणून मी जागा बदलायला उतरले. तिचा दरवाजा उघडला. ती पाय फाकवून उभी राहिली, होडीत उभं राहतात तशी, आणि दुसऱ्याच पावलाला माझ्या अंगावर आली. हातांत धरली तेव्हा कळलं, काही उरलंच नव्हतं तिच्यात. ज्या हलकेपणाचा मी इतके दिवस हेवा केला तो माझ्या हातात होता.

तिला मागच्या सीटवर आडवं केलं. शिकाऊची पाटी लावलेली गाडी मी आयुष्यात कधी चालवली नव्हती तशी चालवत हॉस्पिटलात नेली.

तिथे एक तरुण डॉक्टर होती. तिला वाटलं उपाशीपोटी चक्कर आली असेल. नर्सला ग्लुकोजची बाटली लावायला सांगितली आणि मला विचारलं, "आणखी काही त्रास?" खिडकीवालीने माझा हात धरला होता. ती मला ओळखत होती की नाही देव जाणे, पण हात घट्ट होता. मी शब्द दिला होता.

मी सांगितलं. "हिचं पोटाचं ऑपरेशन झालंय, जानेवारीत. महिनाभर तरी रोज उलट्या होतात. पाणी राहत नाही. विटॅमिनच्या गोळ्या बंद केल्यात. पाय बधिर आहेत. एकाची दोन दिसतात." एकेक वाक्य बोलत गेले तसं मलाच ऐकू यायला लागलं मी काय बोलतेय ते. सगळं मला ठाऊक होतं. सुटं सुटं ठाऊक होतं.

तरुण डॉक्टरने नर्सचा हात थांबवला. "ग्लुकोज नको. आधी बी-वन, शिरेतून. आणि सर्जनना बोलवा."

सर्जन आले. नंतर त्यांनी तिच्या बहिणीला आणि मला बाहेर उभं करून समजावलं. अन्न पोटात टिकलं नाही की हे बी-वन विटॅमिन थोड्या आठवड्यांत संपतं, त्यात आधी ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही जातं, आणि ते संपलं की डोळे, पाय आणि डोकं, तिन्ही जातात. म्हणाले, "वेळेत आणलंत असं समजू या. पाय किती परत येतील ते आत्ता सांगता येणार नाही."

बहीण भिंतीला टेकून उभी होती. मला म्हणाली, "तुला माहीत होतं उलट्यांचं?"

"हो."

ती वळून आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

निघताना सर्जननी मला विचारलं, "तुमच्या गोळ्या चालू आहेत ना?" मी हो म्हणाले. त्या दारातसुद्धा मी खोटं बोलले.

रविवार, १४ एप्रिल

बाटली फळीवरून काढली. ती काढताना नवऱ्याने पाहिलं. मग सगळं सांगावंच लागलं, एका अंड्यावर काढलेल्या दिवसासकट.

तो खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, "तू काही खात नाहीस ते दिसत होतं. पण काही बोललं की तुला वाटतं मी तुझे घास मोजतोय."

मी म्हटलं, "तू तर माझ्याबरोबर बसतही नाहीस."

"कसा बसू? माझ्या ताटाचा वास आला की तुझे डोळे भरून येतात. माझ्या घशाखाली उतरत नाही." पाठीला हात लावत म्हणाला, "ओट्यापाशी उभं राहून पाठ दुखायला लागलीय माझी."

तेवढ्यात हसू आलं, आणि मग हसू राहिलं नाही.

दुपारी तो ताट घेऊन टेबलावर बसला. मी माझी वाटी घेतली. अर्धं अंडं, दही, दोन चमचे मऊ भाजी. त्याचं जेवण होईपर्यंत मी खात होते. तो मुद्दाम हळू जेवला, हे मला उशिरा कळलं.

रविवार, २१ एप्रिल

भेटायला गेले. डोळे सुधारलेत, तिला आता मी एकच दिसते. आठवणही बरीच परत आलीय, म्हणून तिला हेही आठवतंय की मी शब्द मोडला.

"माझं दोन किलो वाढलं," ती छताकडे बघत म्हणाली. "त्या सलाइनने. तुझ्यामुळे."

तिला पायाची बोटं हलवता येत नाहीत आणि ती दोन किलोंसाठी रडत होती. बहीण वैतागून म्हणाली, "अगं, पाय बघ तुझे, काटा कसला बघतेस?" मला मात्र तिचं रडणं अगदी पटलं. तिच्या जागी मीही ह्याच दोन किलोंसाठी रडले असते. ह्याचीच मला आता जास्त भीती वाटते. आकड्याची वाटली नव्हती इतकी.

ती तोंड फिरवून झोपली. मी थोडा वेळ बसून निघून आले.

रविवार, ५ मे

मध्ये दोनदा गेले, दोन्ही वेळा झोपेचं सोंग. आज ती वॉकर धरून कॉरिडॉरमध्ये चालत होती. फिजिओथेरपिस्ट मागून कमरेचा पट्टा धरून. पाऊल टाकायच्या आधी खाली बघते, मग टाकते. मी तिच्या बाजूने चालायला लागले. खिडकीपर्यंत गेल्यावर ती थांबली, धापा टाकत.

"तुझं किती झालं?"

"एकशे पाच."

"एवढंच?"

"एवढंच."

तिला हसू आवरेना, आणि मग मलाही. फिजिओथेरपिस्ट बिचारा पट्टा धरून उभा.

हसून झाल्यावर ती म्हणाली, "माझी बहीण मला आता बाळासारखं भरवते. घास गिळला की तोंड उघडून दाखवायचं." आणि मग, खाली बघून, "मला सांगायला हवं होतं ना मी डॉक्टरांना."

"मीही."

"तुला मीच शब्दात अडकवलं होतं." तिने वॉकर पुढे सरकवला. "चल, उरलेली फेरी. हा मनुष्य सोडायचा नाही मला."

घरी येऊन काट्यावर चढले. एकशे पाच पॉइंट चार. रस्त्यात प्यायलेलं पाणी असेल. छातीत धडधडायचं ते धडधडलंच. ऑपरेशनने पोट कापलं, हे नाही कापलं.

मंगळवार, ११ जून

एकशे तीन.

मालकांनी आज फोनवर बसायला नवीन मुलगी नेमली. माझ्याशी त्यावर काही बोलले नाहीत, फक्त पुढच्या आठवड्यासाठी तीन शिकाऊ जास्त दिले.

संध्याकाळी गटाची बैठक. खिडकीवाली अजून येत नाही. एक नवीन गृहस्थ आले होते, बेकरीत काम करतात, उंच, आवाज मोठा. एप्रिलच्या शेवटी ऑपरेशन झालं म्हणाले आणि आकडा सांगितला. सगळे उभे राहिले, टाळ्या. मीही वाजवल्या. पोटात ती जुनी कळ आलीच, मी ती येऊ दिली.

चहापाण्याच्या वेळी ते खिडकीशी उभे होते. पाण्याचा घोट घेतला, बाटली खाली ठेवली आणि रुमाल तोंडाला लावून तसेच उभे राहिले, कुणी बघू नये अशा बेताने.

मी जाऊन विचारलं, "उलट्या होतात का?"

"होतात थोड्या," ते म्हणाले आणि हसले. "त्यानेच तर उतरतंय एवढं."

"रोज?"

"आता जवळजवळ रोजच. पण मी काही त्रास करून घेत नाही."

"पायांना मुंग्या येतात?"

त्यांचं हसू गेलं. माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला कसं कळलं?"

मी त्यांचा दंड धरला. भला मोठा माणूस, पण दंडावरची बाही सैल पडलेली. आहारतज्ज्ञ बाईंच्या खोलीत दिवा दिसत होता. "चला," मी म्हटलं.

"आत्ता? बैठक संपू दे की. उद्या बघतो."

"आत्ता."

ते निघाले, कुरकुरत. कॉरिडॉरमध्ये माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून त्यांनी विचारलं, सगळे विचारतात तसंच, "तुमचं किती उतरलं?"

"सांगते," मी म्हणाले, "आधी आत चला," आणि दार वाजवलं.